विमानानं जेवायला जायचं, तर आधी परतीचा विचार

छोट्या विमानानं जवळच्या विमानतळावर जेवायला जायचं म्हणजे दोन उड्डाणं, आणि ती सारखी नसतात. जाताना हवा गार, इंजिन थंड, डोकं ताजं. येताना ऊन तापलेलं, इंजिन गरम, डोळ्यांवर झापड आणि सोबतच्यांना घरी पोचायची घाई. गफलती होतात त्या बहुतेक येताना. म्हणून आखणी परतीपासून सुरू करा.

आदल्या दिवशी दोन फोन हवेतच. एक उपाहारगृहाला: उद्या उघडं आहे का, स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं. दुसरा विमानतळाला: पूर्वपरवानगी लागते का, विमान कुठे लावायचं, इंधन मिळतं का आणि किती वाजेपर्यंत. बाहेर पडल्यावर फाटकातून पुन्हा आत कसं यायचं, हेही विचारून घ्या. जेवून आल्यावर कुलूपबंद फाटकासमोर ताटकळणं फार वेळा घडतं. नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) मात्र निघायच्या दिवशी सकाळी बघायच्या.

आता वजन. चार सीट आहेत म्हणून चार माणसं आणि भरलेल्या टाक्या, हे गणित सहसा बसत नाही. सेस्ना 172 एस हे चार सीटचं छोटं विमान घ्या. उड्डाणाचं कमाल वजन 1157 किलो. रिकामं विमान 770 किलोचं धरलं (खरा आकडा तुमच्या विमानाच्या कागदांत मिळेल), तर उरतात 387 किलो. टाक्या भरल्या की वापरण्याजोगं इंधन साधारण 200 लिटर, म्हणजे 144 किलो. मग माणसांसाठी राहतात 243 किलो. चौथा माणूस खालीच राहिला.

चौघं 80-80 किलोचे असतील तर इंधनाला 67 किलो, म्हणजे 93 लिटर उरतात. ताशी 35 लिटर धरा. 80 सागरी मैल 110 नॉटनं (ताशी 110 सागरी मैल) पाऊण तासात कापले जातात, त्याला 26 लिटर. जाऊन-येऊन 52, दोन्ही वेळच्या टॅक्सी (विमान जमिनीवर चालवत नेणं) आणि चढाईला 10, पाऊण तासाची राखीव 26. झाले 88. बसतं, पण जेमतेम; समोरून जोराचा वारा निघाला तर तेही बसणार नाही. तिथे इंधन भरू असा भरवसा ठेवून मात्र निघू नका. पंप बंद निघाला तर अडकलात. जेवणाचं पार्सल मागच्या सामानकप्प्यात ठेवणार असाल तर तेही वजनात धरा. त्यानं गुरुत्वमध्य मागे सरकतो.

वजनाइतकाच महत्त्वाचा दुपारचा उकाडा. हवा तापली की विरळ होते, आणि इंजिन, प्रोपेलर, पंख या तिघांचंही काम घटतं. समुद्रसपाटीपासून 2000 फुटांवरच्या विमानतळाचं प्रमाण (हिशेबासाठी ठरवून दिलेलं) तापमान 11 अंश. त्यापेक्षा जास्तीच्या प्रत्येक अंशाला 120 फूट धरायचे. सकाळी 18 अंशांना विमानाला 2840 फुटांवर असल्यासारखं वाटतं, दुपारी 34 अंशांना तब्बल 4760 फुटांवर. हवेचा दाब प्रमाणापेक्षा कमी असेल तर आणखी वर. तेव्हा विमानाच्या हँडबुकातलं उड्डाणाचं अंतर दुपारच्या तापमानाला काढा. कोरडं गवत असेल तर त्यात जमिनीवरच्या धावेचे 15 टक्के मिळवा आणि आलेल्या आकड्याची दीडपट करा, कारण तो आकडा नव्या विमानाचा आणि कसलेल्या वैमानिकाचा असतो. रनवे तेवढी लांब नसेल तर एक माणूस कमी न्या किंवा ऊन उतरेपर्यंत थांबा.

उतरताना अनोळखी रनवेची रुंदी फसवते. सवयीपेक्षा अरुंद असेल तर आपण उंच आहोत असं वाटतं आणि विमान नकळत खाली येतं. रुंद असेल तर उलट. डोळ्यांवर न जाता उंचीमापकावर जा.

विमान वाऱ्याकडे तोंड करून लावा. चाकांना चोक (अटकाव), योकला (सुकाणूला) लॉक, दोरखंड. जमीन उताराची असेल तर फ्युएल सिलेक्टर (कोणत्या टाकीतलं इंधन घ्यायचं ती कळ) डाव्या किंवा उजव्या टाकीवर ठेवा, नाहीतर वरच्या बाजूच्या टाकीतलं इंधन खालच्या टाकीत जातं. निघताना तो पुन्हा ‘बोथ’वर (दोन्ही टाक्यांवर) आणायची आठवण हवी. बीकनचं बटण कायम चालूच राहू द्या: मास्टर स्विच बंद करायचा राहिला तर शेपटीवरचा हा दिवा लुकलुकताना दिसेल. तो न दिसल्यानं किती बॅटऱ्या जेवण होईतो उतरल्या असतील!

ऑर्डर देण्याआधी निघायची वेळ ठरवा. सूर्यास्तापासून मागे मोजत या. मद्याचा थेंबही नको. बिल मागवायच्या आधी हवामान पुन्हा बघा, दुपारी ढग झपाट्यानं वाढतात. आणि विमानाची तपासणी सकाळसारखीच, पहिल्यापासून करा: टाक्यांची झाकणं, ड्रेनमधून काढलेलं इंधन (100 एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं दिसतं, तळाशी पाण्याचा थेंब नको), तेल, आणि पुढच्या चाकाला टो-बार (विमान ओढायचा दांडा) राहिला नाही ना.

खरी परीक्षा गरम इंजिन सुरू करताना. बंद केल्यावर अर्ध्या-एक तासात काउलिंगखालची (इंजिनाच्या झाकणाखालची) उष्णता इंधननळ्यांत मुरते, आत वाफ धरते. नेमका तोच आपला जेवणाचा वेळ. 172 एसमध्ये प्राइम करू नका, म्हणजे आधी इंजिनात इंधन सोडू नका. मिक्स्चर (इंधनाचं प्रमाण ठरवणारा नॉब) पूर्ण मागे, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती ठरवणारा नॉब) पाव इंच उघडा, स्टार्टर फिरवा, इंजिनानं पकड घेतली की मिक्स्चर सावकाश पुढे. स्टार्टर 10 सेकंद फिरवून 20 सेकंद थांबायचं. असं तीनदा झालं तर 10 मिनिटं विश्रांती. घाईनं दाबत राहिलात तर स्टार्टर जळतो.

धावेआधी रनवेच्या मध्यावरची एखादी खूण ठरवून ठेवा. तिथे पोचेपर्यंत उचलायच्या वेगाच्या 70 टक्के वेग आला नाही, म्हणजे 55 नॉटला उचलायचं असताना 39 दिसले नाहीत, तर थ्रॉटल मागे घेऊन ब्रेक लावा. पुढची निम्मी रनवे थांबायला राखलेली आहे.