साठीनंतरही जमिनीवर बसता-उठता यावं म्हणून

पंगत म्हटली की आपली वयस्क माणसं आधी खुर्ची कुठं आहे ते बघतात. मांडी घालून बसणं आणि खालून उठणं एकदा सुटलं की परत जमवायला फार कष्ट पडतात. म्हणून ते सुटू देऊ नका.

नुसतं खाली बसण्याची सवय मात्र पुरत नाही. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर जमिनीवरच बसतात, तरी त्यांची कंबर, मान धरते. तासन्‌तास एकाच बैठकीत सांधे हलतच नाहीत. तेव्हा काम कोणतंही असो, अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावलं टाका.

इथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे व्यायाम सकाळी लवकर उरका. आधी पाच-दहा मिनिटं चाला, सिद्धेश्वर तलावाकडे किंवा आपल्याच गल्लीत. अंग गरम झाल्यावरच ताण द्यायचा.

सुरुवात घोट्यापासून. याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि जिना उतरणं, उकिडवं बसणं तर त्याच्याच जिवावर असतं. भिंतीला हात लावून उभे राहा, एक पाय पुढे घ्या आणि त्याची टाच न उचलता गुडघा हळूहळू भिंतीकडे न्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा.

आता घरातला लांब टॉवेल घ्या. पाठीवर झोपून एक गुडघा वाकवून ठेवा. दुसऱ्या तळव्याला टॉवेल अडकवून तो पाय वर ओढा. गुडघा थोडा वाकला तरी चालेल. मांडीच्या मागे ओढ जाणवली की तिथंच तीस सेकंद थांबा. झटके देऊ नका, श्वास रोखू नका. असं दोन-तीनदा. मग उठून बसा, टॉवेलची टोकं दोन्ही हातांत धरून हात सावकाश डोक्यावर न्या. खांदे मोकळे होतात.

लवचिकपणाला ताकदीची जोड हवीच. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठा-बसा. नंतर ओटा धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहा. पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान 3 दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

शेवटी जमिनीवर. सोलापुरी चादरीची जाड घडी करून तिच्यावर मांडी घाला. जमू लागलं की घडी पातळ करा. उठताना एक गुडघा टेका, हात खुर्चीवर.

ओढ बसणं ठीक, पण कळ किंवा मुंग्या आल्या तर लगेच थांबा. सांधा बदललेला असेल किंवा हाडं ठिसूळ असतील, तर यातलं काय करायचं ते डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवा. बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर झोपलेलं असताना एकदम उभं राहू नका. आधी थोडं बसा.