शहरातील मूळनिवासींसाठी परवडणारी घरे उभारताना

कॅनडातील शहरांत राहणाऱ्या फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट या मूळनिवासी समाजांतील कुटुंबांसाठी घरे बांधू पाहणाऱ्यांनी, आराखडा काढण्याआधी, निर्णय कोणाच्या हाती राहतील हे ठरवावे. मूळनिवासींनीच चालवलेल्या गृहनिर्माण संस्थांची परंपरा विनिपेगमध्ये १९७० साली स्थापन झालेल्या किन्यू हाउसिंगपर्यंत मागे जाते.

त्यानंतर भाडे ठरवावे. करपूर्व उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत घरखर्च बसला तर घर परवडणारे, हा तेथील रूढ निकष आहे. म्हणजे महिना ३,००० डॉलर मिळवणाऱ्या कुटुंबाला ९०० डॉलर. काही योजना मात्र भाड्याची तुलना बाजारभावाशी करतात आणि तो आकडा गरीब कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच राहतो, म्हणून अर्ज करण्यापूर्वी व्याख्या नीट वाचावी.

आराखड्यात केवळ एका खोलीची घरे भरू नयेत. उपचारांसाठी गावाहून आलेली आजी महिनाभर राहणार असेल, तर तिची खाट कोठे मावेल, हे वास्तुविशारदाला थेट विचारावे. सेज ही सुगंधी वनस्पती जाळून धुरी देण्याची त्यांची प्रथा लक्षात घेऊन हवा खेळती ठेवावी, आणि भाडेकरारातील धूम्रपानबंदी या धुरीला लागू नाही, असे स्पष्ट लिहावे.

निधीसाठी संघराज्य सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात सात वर्षांकरिता ४ अब्ज डॉलर जाहीर केले. तथापि बांधकामाचा पैसा मिळवणे हा त्यातला सोपा भाग होय. पूर्वीच्या अनेक प्रकल्पांचे अनुदान गहाणकर्जासोबतच संपले, त्यामुळे छत व बॉयलर बदलण्यासाठीचा राखीव निधी पहिल्या वर्षापासूनच बाजूला काढावा.