ट्राउटसाठी फ्लाय बांधताना माझं काय चुकत होतं

मी ऐरोलीचा, खाडीत कोलंबी लावून गळ टाकणारा माणूस. हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासे धरायला जायचं ठरलं तेव्हा म्हटलं फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, घरीच बांधू, आणि हौसेने डायरेक्ट १६ नंबरच्या बारीक गळावर अ‍ॅडम्स नावाची पिसांची तरंगणारी फ्लाय घेतली. चार रात्री गेल्या, दोरा तुटतोय, पिसं उलटी फिरतायत आणि शेवटी गळाचं नेढंच बंद, नायलॉन ओवायचा कुठून? बायको म्हणाली, एवढ्यात माझं स्वेटर झालं असतं. त्यावरूनच सुचलं खरं.

फ्रँक सॉयर नावाचा इंग्लंडमधला नदीराखा होता, त्याच्या किलर बग नावाच्या फ्लायला फक्त लोकर आणि तांब्याची तार लागते, दोरा नाहीच. मग जरा मोठा, १० नंबरचा गळ घेतला, जुन्या चार्जरमधली केसाएवढी बारीक तार दांड्यावर गच्च गुंडाळली, वर बायकोच्या उरलेल्या राखाडी लोकरीचा एक पदर, मधे जाड आणि टोकांना निमुळता, शेवटी तारेचेच चार-पाच वेढे. बस. तारेच्या वजनाने तो बुडतो, आणि ट्राउट बरंचसं खाणं पाण्याखालीच उरकतो, त्यामुळे तरंगणाऱ्या नाजूक पिसांचा अट्टहास सुरुवातीला कशाला.

एकच सांगतो, नेढ्यामागे एका नेढ्याएवढी जागा मोकळी सोडून सुरुवात करा, माझे पहिले नऊ त्यातच गेले. आता दहा मिनिटांत एक होतो, दिसतो अगदी फुगलेल्या अळीसारखा, पण तसाच दिसायला हवा ना. पुढचा नंबर वूली बगर नावाच्या फ्लायचा, शेपटीसाठी मऊ पिसं शोधतोय.