या चुका टाळा: अनुदानाच्या दिवसांत खातं रिकामं होतं ते असं

मराठवाड्यात ऑनलाइन चोर आपल्याच कॅलेंडरवर चालतात. अतिवृष्टीचे पंचनामे उरकले की 'अनुदानाची यादी' फिरायला लागते. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता जवळ आला की 'केवायसी अपडेट करा' येतं, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली की तिच्या नावाच्या बनावट साइट उगवतात, आणि लग्नसराईत पत्रिका. ज्याला पैसे येणार आहेत त्याचं बोट आपसूक लिंकवर जातं. अडाणी माणूसच फसतो हा समज सोडून द्या. गुरुजी फसतात, कृषी सेवा केंद्रवाले फसतात, बँकेतून रिटायर झालेलेही फसतात. आणि फसल्यावर पहिल्या तासात जो गोंधळ घातला जातो तो सगळ्यात महाग पडतो, म्हणून त्याबद्दल खाली जरा जास्तच लिहिलं आहे.

ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून फाइल उघडणं

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फाइल येते. नाव 'पीएम किसान यादी', 'आरटीओ चलन' किंवा 'लग्नाचं आमंत्रण', आणि नावाच्या शेवटी 'एपीके'. यादी पीडीएफमध्ये असते, पत्रिका फोटोत असते. एपीके म्हणजे थेट ॲप. पाठवणारा आपलाच पुतण्या, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण त्यानं ती पाठवलेलीच नसते. त्याच्या फोनमध्ये ते ॲप आधीच घुसलेलं असतं आणि तेच त्याच्या नावानं ग्रुपोग्रुपी पसरत असतं.

इन्स्टॉल करताना फोन अडवतो, हे ॲप धोक्याचं असू शकतं म्हणून सांगतो. लोक 'तरीही इन्स्टॉल करा' दाबतात. मग ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. नुकसानभरपाईच्या यादीला तुमचे एसएमएस कशाला हवेत? एवढा प्रश्न इथं पडला तरी वाचलात. परवानगी दिली की बँकेचा ओटीपी तुमचं लक्ष जायच्या आत चोराकडे पोचतो. नंतर ठाण्यात माणूस शपथेवर सांगतो, "साहेब, मी ओटीपी कुणालाच दिला नाही," आणि तो खोटं बोलत नसतो. काही ॲप बसल्याबरोबर आयकॉन लपवतात. फाइल खराब होती असं समजून माणूस फोन खिशात टाकतो आणि रानात जातो.

असं ॲप बसलंच असेल तर आधी फ्लाइट मोड लावा. सिम काढून घरातल्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे पुढचे ओटीपी त्या ॲपच्या हाती लागणार नाहीत. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा. मग सेटिंग्जमधली ॲपची यादी उघडा आणि नवं, अनोळखी नाव शोधून काढा. 'अनइन्स्टॉल' दाबलं जात नसेल तर त्या ॲपनं 'डिव्हाइस ॲडमिन'चा, म्हणजे फोनवर ताबा ठेवायचा हक्क घेतलेला असतो. तो आधी बंद करावा लागतो. खरा इलाज फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं, हाच. मात्र पैसे गेले असतील तर रीसेटची घाई नको. आलेला मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर, फाइलचं नाव या सगळ्याचे दुसऱ्या फोननं फोटो काढा, आणि फोन पुरावा म्हणून लागणार आहे का हे पोलिसांना विचारा.

ग्रुपवर "माझा फोन हॅक झालाय, फाइल उघडू नका" एवढं टाकायला विसरू नका. लाजेपोटी लोक हेच टाळतात आणि संध्याकाळपर्यंत अर्धा ग्रुप अडकतो.

साइटचं नाव वाचणं, पत्ता न वाचणं

साइटवर राजमुद्रा आहे, मंत्र्यांचे फोटो आहेत, म्हणजे सरकारीच असणार, असं नसतं. फोटो कुणीही चिकटवतं. पत्ता वाचायचा तो शेवटाकडून. सुरुवातीचं 'https://' सोडून पहिली तिरपी रेघ जिथं येते, तिच्या लगेच आधीचे शब्द बघा. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक योजनांच्या साइट 'गव्ह डॉट इन'वर संपतात. पत्त्याच्या सुरुवातीला 'लाडकी', 'किसान', 'महा' काहीही असू द्या, शेवटी 'ऑनलाइन' किंवा 'एक्सवायझेड' असेल तर बंद करा. बँकांनाही रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'बँक डॉट इन'वर यायला सांगितलं होतं, तेव्हा तिथंही हीच खूण बघायची.

अतिवृष्टीच्या अनुदानाची खरी वाट ठाऊक असली की खोटी लगेच ओळखू येते. यादी तलाठ्याकडे येते, त्यात तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो, ई-केवायसी लागत असेल तर तो घेऊन सेवा केंद्रात आधारवर होते आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यात पडतात. या वाटेत व्हॉट्सॲपची लिंक कुठंच नाही. सौर पंपाच्या बाबतीत मात्र जास्त सावध राहा, कारण तिथं लाभार्थ्याला आपला हिस्सा खरोखरच भरावा लागतो. चोर नेमकं हेच धरतात: "तुमचा पंप मंजूर झालाय, हिस्सा आजच भरा, नाहीतर नंबर मागं जाईल." हिस्सा योजनेच्या पोर्टलवरूनच भरायचा असतो, कुणाच्या मोबाइल नंबरवर फोन-पे करायचा नसतो.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. तरी जुनी गाडी विकताना, "तुम्हाला ॲडव्हान्स टाकतो, क्यूआर स्कॅन करा" असं कुणी गोड बोललं की हात स्कॅनरकडे जातोच.

"मामा, थंब येईना, अजून एक बार लावा"

हा धोका शहरी लेखांत सहसा नसतो. आपल्याकडे म्हातारी माणसं श्रावणबाळचे, निराधारचे पैसे काढायला बँक मित्राकडे अंगठा लावतात. आधारवरच्या या व्यवहाराला ना पिन लागतो ना ओटीपी. बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा, बस. सगळेच बँक मित्र लबाड नसतात. बहुतेक जण नेटवर्कशी झगडत प्रामाणिकपणे काम करतात. पण अंगठा पुन्हा लावायला सांगितलं, तर आधीचा व्यवहार फेल झाल्याची पावती मागायची. 'शिल्लक बघतो' म्हणून घेतलेल्या अंगठ्यावर रक्कम काढली गेली तर आजीला ते पुढच्या महिन्यातच कळतं. घरातल्या पोरांनी आजीच्या खात्याला चालू नंबर जोडून द्यावा. बंद पडलेल्या सिमवर मेसेज येत राहतात आणि कुणी वाचत नाही, अशी खाती गावात ढीगभर सापडतील.

खरेदीखतावरच्या ठशांवरून रबरी अंगठे बनवून पैसे काढल्याची प्रकरणं देशात उघडकीला आलेली आहेत. त्यावर उपाय आहे, तोही फुकट: एम-आधार ॲपवर किंवा आधारच्या साइटवर बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, लॉक करून ठेवायचं. अंगठा लावायची वेळ आली की तेवढ्यापुरतं उघडायचं, थोड्या वेळानं ते आपोआप पुन्हा बंद होतं. रेशनला किंवा ई-केवायसीला जाताना मात्र आठवणीनं उघडा, नाहीतर मशीनवर उगाच भांडण.

पोरांनी खातं भाड्यानं देणं

लातूर, नांदेड, संभाजीनगरात शिकायला राहिलेल्या पोरांना कुणीतरी सांगतं, "तुझं खातं आणि एटीएम फक्त वापरायला दे, महिन्याला खर्चापुरते मिळतील." चोरीचा पैसा अशाच खात्यांतून पुढं सरकतो. तपास सुरू होतो तेव्हा नाव, पत्ता, फोटो सगळं त्या पोराचं निघतं आणि दुसऱ्या राज्यातले पोलीस बीडच्या एखाद्या वस्तीवर येऊन उभे राहतात. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डीखाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. खातं देणाऱ्याला 'मला ठाऊक नव्हतं' हे सिद्ध करत बसावं लागतं, आणि तोवर परीक्षा, नोकरी, पासपोर्ट सगळं लटकतं.

व्हिडिओ कॉलवरच 'अटक' केल्याचं सांगून पैसे उकळतात, त्या 'डिजिटल अटके'सारखं कायद्यात काहीच नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसला तर कॉल कापा आणि हवं तर आपल्या ठाण्यात जाऊन विचारा.

पैसे गेल्यावरच्या चुका

पहिली चूक चोरालाच परत फोन लावण्याची. तो म्हणतो, "चुकून कटले, रिफंड करतो," आणि आणखी एक ओटीपी घेतो. दुसरी चूक, घरात कळू नये म्हणून रात्र काढण्याची. तिसरी, सोमवारी बँक उघडल्यावर बघू म्हणण्याची.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लगेच लावायचा. लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार भरायची. हाताशी खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक ठेवा. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला निरोप जातो आणि रक्कम अजून तिथं असेल तर ती गोठवली जाते. चोर ती मिनिटा-मिनिटाला पुढच्या खात्यात ढकलत असतो, म्हणून घाई. मिळालेला पोचक्रमांक जपा. ठाण्यात, बँकेत, पुढं गोठवलेली रक्कम परत मागताना, सगळीकडे तोच विचारतात.

बँकेत तोंडी सांगून परत येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, तिच्यावर तारीख-वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, दोष ना तुमचा ना बँकेचा, तिसऱ्याच कुणाचा असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर तोशीस नाही. ओटीपी तुम्हीच देऊन बसला असाल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेल्या पैशाची जबाबदारी बँकेची. पोचेवरची वेळ कामी येते ती इथं. सहकारी बँकांनाही तसेच नियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लागू झाले, तेव्हा "आमच्या बँकेला ते लागू नाही" हे ऐकून उठू नका. ३० दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठीचा चौकशी क्रमांक १४४४८.

काही दिवसांनी आणखी एक फोन येईल: "तुमची सायबर केस आमच्याकडे आहे, रक्कम सापडली, फक्त प्रोसेसिंग फी भरा." चोरांकडे फसलेल्यांच्या याद्या असतात, आणि हा फोन त्यातूनच आलेला असतो. १९३०ला किंवा पोर्टलला तक्रारीसाठी एक रुपयाही लागत नाही, आणि पैसे परत करायला कुणी फी मागत नाही. हा नंबरही त्याच तक्रारीत जोडून द्या.