चाळिशीत प्रॉस्थेटिक्स-ऑर्थोटिक्समध्ये यायचंय? मग राजीनामा टाकायच्या आधी हे वाचा

हिंजवडी, चाकणकडचे बरेच जण हल्ली विचारतात की नोकरी सोडून कृत्रिम हातपाय, ब्रेस, कॅलिपर बनवायच्या कामात यायचं म्हटलं तर कसं यायचं. या फील्डला चांगली माणसं खरंच हवीयेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे ठरवा, की तुम्हाला पेशंट बघायचाय की वस्तू बनवायचीये. कारण पेशंट तपासणं, माप घेणं, कुठला पाय किंवा कुठला ब्रेस द्यायचा ते ठरवणं, यासाठी बीपीओची म्हणजे बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्सची डिग्री आणि आरसीआयची म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागतेच. या कौन्सिलच्या 1992 च्या कायद्यात विनानोंदणी प्रॅक्टिसला शिक्षा आहे, त्यामुळे "कुणाच्या तरी हाताखाली शिकतो आणि मग कोथरूडला स्वतःचं सेंटर टाकतो" हा विचार डोक्यातून काढूनच टाका. डिग्री साडेचार वर्षांची, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, आणि सगळं फुल टाइम. आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते मुंबईत हाजी अलीच्या एआयआयपीएमआरचं, म्हणजे ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनचं, पण रोज पुण्याहून अप-डाऊन करून हे जमेल असं धरून चालू नका, राहायची सोय बघावी लागेल. बारावी सायन्स लागतं, म्हणून दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअर झालेल्यांनी आपण पात्रतेत बसतो का ते आधी विचारून घ्या, आणि वयाची अट त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

दुसरा रस्ता वर्कशॉपचा, टेक्निशियनचा. मला विचाराल तर टूल रूममध्ये, शिवणकामात किंवा चपला-बुटांच्या कामात हात बसलेल्या माणसाने याचा आधी विचार करावा. गुडघ्याखालच्या पायाचं उदाहरण घ्या. स्टंपवर, म्हणजे पाय कापल्यावर उरलेल्या भागावर, पीओपीचं बँडेज गुंडाळून साचा घेतात, त्यात प्लास्टर ओतलं की स्टंपची हुबेहूब प्रतिकृती मिळते, आणि खरं काम इथून सुरू होतं. गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा भार सोसतो म्हणून तिथलं प्लास्टर कानशीने घासून कमी करायचं, आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला फिब्युला हाडाचं टोक असतं, तिथून नस जाते, तिथे उलट प्लास्टर चढवायचं म्हणजे सॉकेटमध्ये, स्टंप ज्यात बसतो त्या पेल्यात, तेवढी जागा सुटते. मग तापवलेली पॉलिप्रॉपिलिनची शीट त्यावर ओढून व्हॅक्यूम लावायचा. घासणं थोडं इकडचं तिकडे झालं तरी माणसाला चालता येत नाही. हल्ली स्कॅन करून कॉम्प्युटरवरही हे करतात, कॅड येणाऱ्यांना त्यात वाव आहे, पण आधी प्लास्टरवर हात बसवा, नाहीतर स्क्रीनवर कुठे किती कमी-जास्त करायचं हे कशाच्या जोरावर ठरवणार?

आणि ऐकायची सवय हवी. सकाळी घट्ट बसणारा सॉकेट संध्याकाळी सैल होतो कारण दिवसभरात स्टंप आकसतो, मग स्टंपवर घालायचा मोजा वाढवावा लागतो, हे पेशंट स्वतःहून नीट सांगत नाही, खोदून विचारावं लागतं. डायबेटिसवाल्यांना तर बऱ्याचदा टोचलेलं कळतच नाही. म्हणून चालवून झालं की सॉकेट काढून कातडी बघायची, लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही तर सॉकेट परत दुरुस्तीला.

पैशांचं स्पष्ट सांगते, आयटीतल्या पगाराची सवय असेल तर सुरुवातीला मोठा फटका बसणार. होम लोन, मुलांच्या फिया याचा हिशोब घरच्यांबरोबर बसून करा, एकट्याने ठरवू नका.

पुण्यात या कामाची परंपरा जुनी आहे, वानवडीचं लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर 1944 पासूनचं. तुम्ही मात्र सुरुवात खासगी क्लिनिक किंवा संस्थांच्या जयपूर फूटच्या शिबिरापासून करा. आधी फोन करून, पेशंटची हरकत नसेल तरच, पूर्ण दिवस बसायची परवानगी मागा. तासभर डोकावून काही कळत नाही. उघडा स्टंप, जखमेचा वास, नवीन पायावर पहिल्यांदा उभं राहताना रडणारा माणूस, हे सगळं बघून परत जावंसं वाटतं का ते बघा. जुने कपडे घालून जा, प्लास्टर सगळीकडे उडतं. आणि पगार, कामाचे तास, कंबरदुखी हे प्रश्न मालकाला नाही, चहाच्या वेळी तिथल्या टेक्निशियनदादांना विचारा.