मेहुणा साइटवर, पण भरवसा नाही?

बहिणीचा नवरा, म्हणजे घरचाच माणूस, आपल्या बांधकामावर कामाला ठेवला की त्याला काढता येत नाही आणि ओरडताही येत नाही. म्हणून आधी त्याचं काम बदला. स्लॅब टाकण्याचा दिवस त्याच्या हाती देऊ नका. मिक्सर, सेंटरिंगवाले (स्लॅबखालचा साचा बांधणारे), बिगारी सगळे सकाळी सातला हजर आणि किल्ली ज्याच्याकडे तोच फोन उचलत नाही, अशा वेळी अख्ख्या दिवसाची मजुरी अंगावर येते.

पाणी मारण्याचं कामही त्याच्या एकट्यावर सोडू नका. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १० दिवस स्लॅब ओला राहावा लागतो, कडक उन्हात त्याहूनही जास्त. दोन दिवस चुकवले तर तडे नंतर दिसतात आणि मालकाची बोलणी तुम्हाला खावी लागतात. रोज संध्याकाळी ओल्या स्लॅबचा फोटो मागवा.

हजेरी इतरांसारखीच मस्टरवर लावा. अर्धा दिवस आला तर अर्धीच लिहा. उचल दिली की तारीख टाकून त्याची सही घ्या. बहिणीच्या घरात अडचण असेल तर मदत जरूर करा, पण ती वेगळी, तिच्या हातात. पगारात मिसळली की हिशेब कधीच सुटत नाही, आणि मिस्त्रीही हे सगळं बघत असतो.

आणि हे त्याला जेवणाच्या ताटावर सांगू नका. साइटवर, दोघंच असताना सांगा. बहिणीला मात्र आधी कल्पना द्या.