निकॉनची जुनी लेन्स सोनीवर

बाबांच्या फिल्म कॅमेऱ्याची निकॉन ५० मिमी एफ/१.८ लेन्स सोनीच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर चढवली. निकॉनमध्ये माउंटपासून (लेन्स बसते त्या कडीपासून) फिल्मपर्यंत ४६.५ मिमी, सोनी ई-माउंटमध्ये सेन्सरपर्यंत १८, मधले २८.५ दोन्हींना जोडणारा अ‍ॅडाप्टर भरून काढतो. आत काच नाही, नुसती पोकळ नळी. तिचे पैसे किती मोजायचे ते ठरवा!

पण शटर काही पडेना. कॅमेऱ्याला लेन्स ओळखूच येत नव्हती. मेनूत ‘लेन्सशिवाय रिलीज’ चालू केलं, काम फत्ते. स्टेडीशॉटमध्ये (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या सोयीत) फोकल लेंग्थही ५० भरली.

फोकस हातानेच. एफ/१.८ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, पीकिंगच्या (स्पष्ट कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) लाल रेषांवर विसंबू नका. चित्र मोठं करून पापणीचे केस बघा. माझा अ‍ॅडाप्टर किंचित पातळ निघाला, त्यामुळे लांबचे डोंगर लेन्सवरच्या अनंताच्या (∞) खुणेअलीकडेच स्पष्ट होतात. चालतंय.